मल्लखांब

शाळा सुटल्यावर तळेगाव दाभाड्याच्या एखाद्या गल्लीतून घरी निघालेले मूल सरळ वाटेने क्वचितच जाते. मध्ये गडगा लागला तर ते त्यावर चढते, ओट्यावरून उडी घेते, फांदी हाती आली तर तिला लोंबकळते. मोठी माणसे रागावतात. परंतु स्वतःचे बळ अजमावून पाहण्याची ही ओढ सर्व देशांतील मुलांत सारखीच आहे. फ्रान्समध्ये पॅरिसजवळच्या लिस गावातील तरुणांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस ह्याच ओढीतून ‘पार्कूर’ ही कला घडविली. भिंती, कठडे आणि जिने कोणत्याही साधनावाचून, वेग न मोडता ओलांडीत जाणे, हे तिचे स्वरूप होय. तिचे मूळ मात्र खेळात नव्हते. सैनिकांच्या शिक्षणासाठी आखलेल्या अडथळ्यांच्या वाटेवरून तिचे नावही आले.

महाराष्ट्रात असाच प्रकार सुमारे दोनशे वर्षे आधी घडून गेला होता. त्याचे साधन एक साधा लाकडी खांब होते.

मल्लखांब म्हणजे मल्लाचा खांब. कुस्तीच्या सरावाला जोडीदार हवा. पण जोडीदार थकतो, दुखावतो, प्रसंगी रुसतोही. खांबाचे तसे नाही. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर ह्याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख येतो. पुढे ही विद्या मागे पडली. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळी बाळंभटदादा देवधर ह्यांनी ती पुन्हा उभी केली. हैदराबादच्या दोन नामांकित मल्लांचे आव्हान स्वीकारून तरुण बाळंभट वणीच्या सप्तशृंगीच्या डोंगरावर गेले आणि तेथे मारुतीने वानररूपात खांबावरील उड्या दाखविल्या, अशी कथा सांगतात. कथा श्रद्धेची आहे. पण वानराला गुरू करण्यामागचे निरीक्षण पक्के आहे. खांबावर नुसत्या हातांच्या जोरावर फार वेळ टिकता येत नाही. मांड्या, पोटऱ्या, काख, पाठ, सर्वांना पकडीत वाटेकरी व्हावे लागते.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि बाळंभटदादा बाजीरावांसमवेत ब्रह्मावर्तास गेले. त्यांच्याबरोबर ही विद्याही उत्तरेकडे पोहोचली.

पुरलेला मल्लखांब सागाचा किंवा शिसवीचा असतो. जमिनीवर त्याची उंची सुमारे अडीच मीटर भरते. तो खाली जाड व वर निमुळता असून, त्याच्या शेंड्याजवळ मान आणि टोकाला बोंड असते. त्यावर एरंडेल तेल चोळतात. त्यामुळे कातडी सोलवटत नाही. पण पकड किंचितही ढिली पडली की माणूस घसरलाच. उडी, अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, ताजवा ही त्यावरील कौशल्यांची नावे होत. हातांच्या कवेतून सबंध देह सुईत दोरा ओवावा तसा काढला, की तो सुईदोरा. ही नावे ज्यांनी योजिली त्यांची मराठीवरची पकडही खांबावरच्या इतकीच घट्ट असली पाहिजे.

येथेच कुस्ती मागे राहते. कुस्तीत डाव समोरच्याला पाहून टाकावा लागतो. खांबावर समोर कोणी नसते. कोणत्या अढीनंतर कोणती फिरकी घ्यावी, बोंडावर आसन किती स्थिर ठेवावे, उतरताना कोणती लय धरावी, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. म्हणून दोन खेळाडू तीच कौशल्ये करीत असूनही त्यांचे संच वेगळे दिसतात. जोडीदाराच्या अभावी उभा केलेला खांब अशा रीतीने स्वतंत्र कलेचे स्थान झाला.

पूर्वी वेतावरही मल्लखांब करीत. पुढे चांगला वेत मिळेनासा झाला आणि त्याची जागा सुती दोरीने घेतली. दोरीला गाठ मारावयाची नाही, असा दंडक आहे. मुली पुष्कळ काळ दोरीवरच दिसत. आता त्या खांबावरही चढतात.

मुंबईत दादरला शिवाजी पार्कवर १९२५ साली स्थापन झालेले श्री समर्थ व्यायाम मंदिर ह्या विद्येचे मोठे केंद्र आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा शिवाजी पार्कवरच झाली. तेथील प्रशिक्षक उदय देशपांडे ह्यांना २०२४ साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी दृष्टिहीन विद्यार्थ्यांनाही मल्लखांब शिकविला. ऐकणाऱ्यास ह्याचे नवल वाटते. परंतु दोरी काही डोळ्यांनी धरावयाची नसते. पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट ह्यांच्या बेचक्यात ती अचूक सापडते.