कॉफीचा कडूपणा येतो कुठून?

मघाशी बाहेर कॉफीच्या टेबलापाशी कुणीतरी म्हणत होतं, "मला कडक नको हं, रात्री झोप येत नाही. दूध जरा जास्त घाला." आज बोलायचं आहे ते याच वाक्याबद्दल. कॉफी जितकी कडू, तितकं तिच्यात कॅफिन जास्त, असं आपण सगळेच धरून चालतो. ते खरं आहे का?

कॅफिन पहिल्यांदा वेगळं काढलं ते रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने. १८१९ मध्ये कवी ग्योथे यांनी त्याला कॉफीच्या बिया दिल्या आणि यात काय आहे ते शोध म्हणून सांगितलं. हे शुद्ध कॅफिन पांढरं असतं आणि चवीला कडू असतं, यात वाद नाही. पण कॉफीच्या एकूण कडूपणात त्याचा वाटा साधारण पंधरा टक्केच धरला जातो. कॅफिन काढून टाकलेली कॉफी पिऊन बघा. तीही कडूच लागते!

मग बाकीचा कडूपणा कुठला? तो भट्टीत तयार होतो. कच्ची बी हिरवट आणि टणक असते, तिला गवतासारखा वास येतो. तिच्यात क्लोरोजेनिक आम्लं भरपूर असतात. बी तापली की आधी पाणी उडतं. मग साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी संयोग पावतात, रंग तपकिरी होतो, वास सुटतो. ही मेयार अभिक्रिया. भाकरीला खरपूस डाग पडतात, तेही तिच्यामुळेच. दोनशे अंशांच्या आसपास बिया तडतडायला लागतात. आणि इकडे क्लोरोजेनिक आम्लांतून पाणी निघून जाऊन त्यांची लॅक्टोन बनतात.

२००७ मध्ये म्युनिकच्या थॉमस हॉफमन यांच्या गटाने दाखवलं, की मध्यम भाजलेल्या कॉफीचा कडूपणा मुख्यतः या लॅक्टोनचा असतो. आणखी भाजलं, की तीही मोडतात आणि फेनिलइंडेन नावाची संयुगं तयार होतात. जिभेवर रेंगाळणारा तो जळका कडूपणा यांचा.

आता तुम्ही विचाराल, या सगळ्यात कॅफिनचं काय होतं? फारसं काहीच नाही. ते उष्णतेला बऱ्यापैकी टिकून राहतं, थोडंसंच उडतं. म्हणजे भाजणं वाढवलं की कडूपणा वाढतो, कॅफिन वाढत नाही. उलट गडद भाजलेली बी फुगते, हलकी होते. त्यामुळे चमच्याने मापलीत, तर त्या चमच्यात कॅफिन किंचित कमीच येतं.

कॉफी करतानाही तेच. कॅफिन गरम पाण्यात चटकन उतरतं. पावडर जास्त वेळ पाण्यात राहिली तर मागाहून उतरतात ते मुख्यतः कडू, तुरट पदार्थ. आणि तयार कॉफी शेगडीवर गरम ठेवली, तर लॅक्टोन पाणी घेऊन पुन्हा आम्ल होतात. म्हणून ती आंबट लागते.

मग कॅफिन ठरतं कशावरून? बीची जात आणि पावडरचं वजन, या दोन गोष्टींवरून. अरेबिकात ते साधारण १.२ टक्के असतं, रोबस्टात २.२ टक्क्यांच्या आसपास. दहा ग्रॅम पावडर घेतली, तर अरेबिकातून फार तर १२० मिलिग्रॅम मिळेल, रोबस्टातून २२०. आपल्या देशात पिकते ती जास्त रोबस्टाच. शिवाय बाजारातल्या पुष्कळ पावडरींत चिकोरी असते. ती कडू असते, पण तिच्यात कॅफिन अजिबात नसतं. तिचं प्रमाण पाकिटावर छापलेलं असतं, ते वाचा.

हे नुसतं गमतीचं ज्ञान नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने गरोदर बाईसाठी दिवसाला २०० मिलिग्रॅम कॅफिनपर्यंतची मर्यादा सांगितली आहे. गरोदरपणात कॅफिन शरीरातून बाहेर पडायलाही जास्त वेळ लागतो. अशा वेळी "माझी कॉफी दुधाळ आहे, सौम्य आहे" हा भरवसा कामाचा नाही. दुधाने चव झाकली जाते. कॅफिन जेवढं होतं तेवढंच राहतं.

तेव्हा मघाच्या त्या श्रोत्यांना माझं सांगणं एवढंच: दूध हवं तेवढं घाला, पण झोप हवी असेल तर पावडर कमी घाला.