‘कुटुंब’ या शब्दाची अडचण : बालपुनर्वसनातील प्रश्नावलीचे मराठी रूपांतर

अपंगत्व असलेल्या बालकाचा उपचार त्याच्या स्नायूंपुरता किंवा वाणीपुरता नसून त्याच्या घराशीही निगडित असतो, या जाणिवेतून कुटुंबकेंद्रित सेवेची कल्पना पुढे आली. अशी सेवा पालकांना कितपत लाभते हे मोजण्यासाठी कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात ‘मेझर ऑफ प्रोसेसेस ऑफ केअर’ ही ५६ प्रश्नांची प्रश्नावली सिद्ध केली. २००४ साली तिचे २० प्रश्नांचे संक्षिप्त रूप प्रसिद्ध झाले. डच, स्वीडिश, जपानी इत्यादी भाषांत तिची रूपांतरे झालेली आहेत.

रूपांतराची रूढ पद्धत अशी, की दोन भाषांतरकार स्वतंत्रपणे भाषांतर करतात; त्यांचा मेळ घालून सिद्ध झालेली संहिता, मूळ न पाहिलेल्या व्यक्तींकडून पुन्हा इंग्रजीत उतरवून घेतली जाते; नंतर तज्ज्ञांची समिती तिची छाननी करते व अखेरीस ती ३० ते ४० व्यक्तींवर आजमावली जाते. या पद्धतीत उलट-भाषांतरावर सर्वांचा मोठा भरवसा असतो. मराठीपुरता तो काहीसा अनाठायी आहे.

वागळे इस्टेटीचे उदाहरण घ्यावे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची ही आरंभीची वसाहत. तिच्या लगतच्या किसननगर, श्रीनगर या वस्त्यांत घाटावरून व कोकणातून आलेली कामगार घराणी आहेत, तशीच हिंदीभाषीही आहेत. अशा वस्तीतील मातेपुढे ‘तुमच्या संपूर्ण कुटुंबाला माहिती मिळविण्याची संधी दिली जाते काय?’ असा प्रश्न ठेवला, तर पदवीधर भाषांतरकाराला तो निर्दोष वाटेल. परंतु जुन्या वळणाच्या बोलीत ‘कुटुंब’ म्हणजे पत्नी! तोच प्रश्न आजोबांना विचारला तर त्यांचे उत्तर भलत्याच गोष्टीविषयी येण्याचा संभव आहे. ‘काळजी’ या शब्दाचेही तसेच. तो घेतलीही जाते व वाटतेही. ‘मुलाच्या काळजीविषयी’ असे शब्द कानी पडताच चिंतेने ग्रासलेल्या आईला दुसराच अर्थ आधी जाणवेल. आणि गंमत अशी की, उलट-भाषांतरात हे दोन्ही शब्द मूळ इंग्रजी शब्दांवर बिनचूक परततात. जेथे दोष आहे तेथेच ही कसोटी निर्दोषत्वाचा दाखला देते. ‘घरातील सर्वांना’ व ‘मुलावर उपचार करणारी माणसे’ असे साधे शब्द या ठिकाणी अधिक सुरक्षित होत.

याहून बिकट प्रश्न आदराचा आहे. पालकाला केवळ रुग्णाचा पालक न मानता बरोबरीने वागविले जाते काय, असे मूळ प्रश्नावलीत विचारले असून, त्याला ‘आई’ किंवा ‘बाबा’ अशी हाक न मारणे हे तेथे उदाहरण म्हणून दिले आहे. मराठी समाजात हे उदाहरण उलटे पडते. परिचारिकेने ‘बाळाची आई, आत या’ म्हटल्याने कोणी दुखावत नाही. परक्याने नुसते नाव घेतले तर मात्र दुखावण्याचा संभव असतो. येथे अनादर होतो तो एकेरी संबोधनाने. यास्तव ‘तुमच्याशी अहो-जाहोने बोलतात काय?’ असे उदाहरण घातले, तर शब्द बदलूनही प्रश्न तोच राहील. मात्र असा बदल मूळ कर्त्यांच्या संमतीने व कारण नमूद करूनच व्हावा.

श्रेणीविषयी थोडेच सांगणे पुरे. १ ते ७ या पायऱ्यांना सात वेगळे मराठी शब्द शोधण्याचा अट्टहास केल्यास ‘बऱ्यापैकी’ आणि ‘पुष्कळसे’ यांतला भेद कोणालाच सांगता येत नाही. चढती चित्रे त्याहून बरी. शून्य हा अंक ‘हा प्रश्न मला लागू नाही’ यासाठी राखलेला आहे, हेही तोंडी समजावून सांगावे लागते. एरवी जिला पुस्तिका कधी मिळालीच नाही ती माता १ ऐवजी ० वर खूण करील, आणि तिची तक्रार सरासरीतून गळून जाईल.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली विकासात मागे पडलेली बालके जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांकडे पाठविली जातात. एका दिवसाची मजुरी बुडवून मुलाला आणणारी आई ‘डॉक्टरसाहेब चांगलेच आहेत’ या संकोचाने प्रत्येक प्रश्नाला ७ गुण देऊ शकते. तेव्हा प्रश्न ऐकून तिला काय समजले, ते तिच्याच शब्दांत आधी वदवून घ्यावे. आणि हे काम तिच्या मुलावर उपचार न करणाऱ्या व्यक्तीने, शक्यतो केंद्राच्या भिंतींबाहेर करावे.