स्पीकरची पेटी मागून पाहावी

गिटारच्या दुकानात स्पीकर कॅबिनेट नेहमी तोंड पुढे करून मांडलेली असतात. काळं रेक्झिन, विणलेलं जाळीचं कापड, कोपऱ्यांना धातूच्या टोप्या आणि मधोमध कंपनीचं नाव. गिऱ्हाईक नावावरून हात फिरवतं आणि किंमत विचारतं. मी गिटार हौसेपुरतीच वाजवतो, पण ओळखीतलं कोणी कॅब घ्यायला निघालं की सोबत जायची मला खोड आहे. दुकानात शिरलो की मी आधी पेटी वळवायला सांगतो. दुकानदाराला ते आवडतंच असं नाही. पण ठरवण्यासारखं जे काही असतं, ते बहुतेक मागच्या अंगाला असतं.

गेल्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका मित्रासाठी असाच फिरलो. त्याच्याकडे फेंडरचा डीलक्स रिव्हर्ब आहे. 22 वॉटचा, व्हॉल्व्हवर चालणारा, पोटात 12 इंची एकच स्पीकर. घरी हा ॲम्प पुरून उरतो. पबमध्ये ड्रमर रंगात आला की मात्र गिटार बुडते, आणि आवाज वाढवावा तर ॲम्प गुरगुरायला लागतो. मित्राला हवा होता स्वच्छ आवाज. ‘बाहेरून एक कॅब जोडतो, म्हणजे जोर दुप्पट होईल,’ असा त्याचा हिशोब.

कॅब जोडल्याने वॉट वाढत नाहीत. 22 वॉट आहेत ते 22च राहतात, फक्त दोघांत वाटले जातात. तरीही आवाज मोठा वाटतो, कारण दोन सारखे स्पीकर जवळजवळ ठेवून एकत्र हलले की खालच्या सुरांत साधारण 3 डेसिबलची भर पडते. हवा ढकलणारा कागदी पडदा दुप्पट झालेला असतो. 3 डेसिबल म्हणजे कानाला दुप्पट मात्र नव्हे. त्यासाठी 10च्या आसपास डेसिबल लागतात. हे ऐकून मित्राचा उत्साह थोडा उतरला. पण वाटणी कशी होते ते समजल्याशिवाय पेटी घेण्यात अर्थ नव्हता.

वाटणी ठरते ओहमवर. या ॲम्पच्या आतला स्पीकर 8 ओहमचा आहे आणि बाहेरच्या कॅबसाठी दिलेला जॅक त्याला समांतर जोडलेला आहे. बाहेर आणखी एक 8 ओहमचा लावला की एकूण 4 होतात आणि दोघांना निम्मीनिम्मी शक्ती मिळते. बाहेरचा 16 ओहमचा असेल तर एकूण सव्वापाचच्या थोडं वर जातात. मग आतला दोन तृतीयांश घेतो, बाहेरच्याच्या वाट्याला एक तृतीयांश येतो. म्हणजे 22 पैकी सुमारे 15 आत आणि 7 बाहेर. नवी पेटी जुन्या स्पीकरपेक्षा दबकी वाटते अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. तिथे पेटीत दोष नसतो, आकडा जुळलेला नसतो.

व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये हा आकडा नुसता आवाजाचा प्रश्न नसतो. व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामध्ये एक ट्रान्सफॉर्मर बसलेला असतो आणि तो ठराविक ओहमसाठीच गुंडाळलेला असतो. फेंडरचे ट्रान्सफॉर्मर दुप्पट-निमपटीचा फरक सोसतात असा वाजवणाऱ्यांचा जुना अनुभव आहे. प्रत्येक कंपनीचा ॲम्प इतका सोशिक असेल असं गृहीत धरू नये, पुस्तिका पाहावी. सगळ्यात वाईट म्हणजे स्पीकर न जोडता ॲम्प वाजवणं. त्या वेळी ट्रान्सफॉर्मरमध्ये एवढा दाब चढतो की त्याच्या वेटोळ्यांत ठिणगी पडू शकते. फेंडरवाल्यांनी यासाठी एक साधी युक्ती करून ठेवली आहे. मुख्य जॅकमध्ये काही नसेल तर तो आतल्या आत शॉर्ट होतो. त्यामुळे आतला स्पीकर काढून कॅब फक्त दुसऱ्या जॅकमध्ये खुपसली तर आवाजच येत नाही, आणि माणूस नवी पेटी बिघडलेली समजून परत करायला निघतो. ट्रान्झिस्टरच्या ॲम्पचं गणित उलटं: तिथे ओहम सांगितल्यापेक्षा खाली गेले की धोका, वर गेले तर फक्त आवाज कमी.

म्हणून पेटीमागचं लेबल वाचायचं, आणि त्यावरही विश्वास ठेवायचा नाही. वापरलेल्या पेटीत आतला स्पीकर बदललेला असतो आणि लेबल जुनंच राहतं. खिशातला मल्टिमीटर इथे कामाला येतो. 8 ओहमचा स्पीकर मीटरवर सहा-साडेसहा दाखवतो, 16चा बारा-तेरा. एका दुकानात 8 लिहिलेली पेटी मीटरवर बाराच्या वर गेली. दुकानदार प्रामाणिक होता, त्यालाच नवल वाटलं. वायरही तिथल्या तिथे पाहून घ्यावी. गिटारची वायर आणि स्पीकरची वायर, दोन्हींच्या टोकाला तोच पाव इंची जॅक असतो, पण गिटारच्या वायरीत मध्ये बारीक तार आणि भोवती जाळी असते. स्पीकरचा प्रवाह वाहून न्यायला ती केलेलीच नाही. स्पीकरला दोन जाड तारांचीच वायर हवी.

आता पेटीच्या पाठीबद्दल. काही पेट्या मागून उघड्या, काही पूर्ण बंद, काही अर्धवट. उघड्या पेटीत पडद्याची मागची लहरही खोलीत येते. ती पुढच्या लहरीच्या उलट असल्याने खालचे सूर थोडे खाल्ले जातात, पण आवाज चहूकडे पसरतो आणि भिंतीवर आपटून मोकळा होतो. बंद पेटी खालचे सूर घट्ट धरते आणि आवाज पुढे फेकते. या बंद पेटीचं घराणं लंडनच्या हॅनवेलमधलं. जिम मार्शल यांच्या दुकानात 1962च्या सुमारास फेंडरच्या बासमन ॲम्पवरून जेटीएम 45 तयार झाला. बासमनमध्ये 10 इंची चार स्पीकर मागून उघड्या पेटीत होते. मार्शलनी ॲम्प वेगळा काढला आणि सेलेशन कंपनीचे 12 इंची चार स्पीकर बंद पेटीत घातले. चार घालण्यामागे हौसेपेक्षा नाइलाज मोठा होता: तेव्हाचे स्पीकर एकटे-दुकटे तेवढी शक्ती पेलत नव्हते. आज एकच स्पीकर 60-65 वॉट सहज पेलतो, तरी चारांची पेटी मंचावर शोभते म्हणून घेतली जाते. तिचं वजन 36 किलोच्या घरात जातं. पुण्यातल्या जॅमरूम बऱ्याचदा लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर असतात, हे घेणाऱ्याला पैसे दिल्यानंतर आठवतं.

आमच्या मित्राचा जीव आधी बंद पेटीवरच जडला होता. एकट्याने वाजवताना तिचा खर्ज छातीत भरतो. मी त्याला ती जॅमरूममध्ये नेऊन बेस आणि ड्रम यांच्यासोबत वाजवायला लावली. गिटारची सगळ्यात खालची मोकळी तार 82 हर्ट्झला वाजते. तो मुलूख आधीच बेस गिटार आणि पायाच्या ड्रमने व्यापलेला असतो. जो खर्ज दुकानात भारी वाटला, तो तिथे चिखल झाला. गिटार ऐकू येते ती मधल्या सुरांमुळे, आणि स्पीकर निवडायचा तो त्यांच्यासाठी.

म्हणूनच लाउडस्पीकरच्या धंद्यातला कुठलाही 12 इंची स्पीकर इथे चालत नाही. बुधवार पेठेत चांगले दणकट स्पीकर मिळतात, पण ते भाषणापासून ढोलापर्यंत सगळं जसंच्या तसं पोचवण्यासाठी केलेले असतात. गिटारचा स्पीकर मुद्दाम पक्षपाती असतो. 75 हर्ट्झच्या खाली आणि 5000च्या वर तो फारसा जातच नाही, आणि त्यामुळेच व्हॉल्व्हची करकर कानाला गोड लागते. मिरजेच्या तंबोऱ्याच्या भोपळ्याला कोणी जोडसामान म्हणत नाही, तसं या स्पीकरलाही म्हणू नये.

स्पीकरच्या कागदावर वॉटच्या शेजारी आणखी एक आकडा असतो, तो फार थोडे लोक वाचतात: 1 वॉट दिला असता 1 मीटरवर किती डेसिबल. सेलेशनचा व्हिंटेज 30 इथे 100 दाखवतो, त्याच कंपनीचा 65 वॉटचा क्रीमबॅक 97. फरक तिनाचा, म्हणजे दुसऱ्याला तेवढाच आवाज काढायला दुप्पट शक्ती हवी. ज्याचा ॲम्पच 22 वॉटचा आहे त्याने 97चा स्पीकर घेणं म्हणजे निम्मा ॲम्प घरी ठेवून येणं. (ज्याला घरात हळू वाजवायचं आहे त्याने हाच सल्ला उलटा वाचावा.)

लाकडाबद्दल वाद घालणारे रात्रभर घालतात. माझं मत छोटं आहे: 18 मिलिमीटरचा चांगला प्लाय घ्यावा. दाबलेल्या भुशाचा बोर्ड जड असतो, आणि आपल्या पावसाळ्यात स्क्रूच्या भोकापासून फुगायला लागतो. कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर हे कधीच विसरू नका.

ऐकण्याची पद्धतही सांगतो. वाजवायला दुसऱ्याला बसवा आणि स्वतः खोलीभर फिरा. 12 इंची पडदा तीव्र सूर टॉर्चसारखे सरळ समोर फेकतो. वाजवणाऱ्याच्या पोटऱ्यांवर ते आदळतात, कानापर्यंत पोचत नाहीत, म्हणून तो ट्रेबल वाढवतो आणि समोर बसलेल्यांचे कान फोडतो. दोन पेट्या तोलताना आवाजाची पातळी सारखी ठेवा, नाहीतर जी मोठ्याने वाजते तीच चांगली वाटते.

मित्राने शेवटी एकाच स्पीकरची पेटी घेतली: 8 ओहमचा व्हिंटेज 30, प्लायची, पाठ अर्धवट उघडी. फेंडरच्या आवाजात मधला भाग थोडा खोलगट असतो, तो या स्पीकरने भरून आला. ती रिक्षात मावते, आणि ड्रमर आता तक्रार करतो. लहान हॉलमध्ये वाजवणाऱ्या बहुतेकांना एवढंच पुरे आहे. चार स्पीकरची पेटी फोटोसाठी भाड्याने मिळते. कॅब घ्यायला जाल तेव्हा स्वतःचा ॲम्प सोबत न्या आणि तो कार्यक्रमात वाजतो तेवढ्या आवाजात वाजवू द्या म्हणून सांगा. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान गाठा.