ज्येष्ठ खेळाडूंचा सौदा : ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधील जोखमीचा हिशेब

२४ सप्टेंबर २०२२ रोजी मेलबर्न क्रिकेट मैदानावर एक लाखाहून अधिक प्रेक्षकांच्या साक्षीने जिलाँग संघाने सिडनी संघाचा ८१ गुणांनी पराभव केला आणि ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगचे विजेतेपद मिळवले. सव्वाशे वर्षांची परंपरा असलेल्या या स्पर्धेत इतक्या अधिक सरासरी वयाचा संघ त्यापूर्वी कधीही मैदानात उतरला नव्हता. अंतिम सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूला दिले जाणारे नॉर्म स्मिथ पदक ज्याला मिळाले, तो आयझॅक स्मिथ ३३ वर्षांचा होता आणि दोनच वर्षांपूर्वी हॉथॉर्न संघ सोडून आला होता. ज्या खेळात तिशीनंतर निवृत्तीचे वेध लागतात, तेथे एखादा संघ अशा खेळाडूंना आवर्जून का बोलावतो, हा प्रश्न या विजयाने पुन्हा चर्चेत आणला.

या खेळाचे स्वरूप ठाऊक असल्याशिवाय त्यातील जोखीम लक्षात येणार नाही. क्रिकेटच्या आकाराच्या विस्तीर्ण मैदानावर प्रत्येकी अठरा खेळाडूंचे दोन संघ लंबगोल चेंडूने खेळतात. चेंडू लाथेने मारता येतो किंवा मुठीने टोलवता येतो. मधल्या दोन उंच खांबांमधून लाथेने मारलेला चेंडू थेट गेला तर सहा गुण, आणि बाजूच्या खांबांमधून गेला तर एक गुण. वीस-वीस मिनिटांच्या चार डावांचा हा सामना प्रत्यक्षात दोन तासांच्या आसपास चालतो. मधल्या फळीतील खेळाडू त्यात बारा-तेरा किलोमीटर सहज धावतो. ही धाव एकसुरी नसते. वेगाने झेपावणे, एकदम थांबणे, प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावरून उंच उडी घेऊन चेंडू झेलणे आणि मग जमिनीवर कोसळणे, हे सारे तिच्यात येते. शिरस्त्राण नाही, अंगावर जाड संरक्षक पोशाख नाही. गुडघा, खांदा, पोटरी आणि मांडीमागचा स्नायू यांची येथे कसोटी लागते.

आता व्यवहाराकडे वळू. या स्पर्धेत धनाढ्य संघाने हवे ते खेळाडू पैशाच्या बळावर गोळा करावेत, अशी सोय नाही. १९८५ मध्ये संघांच्या वेतनखर्चावर कमाल मर्यादा आली. पाठोपाठ १९८६ मध्ये ड्राफ्ट ही निवडपद्धती सुरू झाली. तीनुसार गुणतक्त्यात तळाला राहिलेल्या संघाला नव्या, बहुधा अठरा वर्षांच्या मुलांमधून पहिली निवड करण्याचा हक्क मिळतो आणि विजेत्या संघाची पाळी शेवटी येते. हे निवडीचे हक्क संघ आपापसांत देऊ-घेऊ शकतात, म्हणजे ते एक प्रकारचे चलनच झाले आहेत. २०१२ पासून ठरावीक वर्षे एकाच संघात काढलेल्या खेळाडूला मुदत संपल्यावर मुक्तपणे दुसरीकडे जाण्याचीही सोय झाली.

या चौकटीत वयस्क खेळाडूला महत्त्व येते ते त्याच्या किमतीमुळे. अठरा वर्षांचा मुलगा शरीराने आणि खेळाने तयार व्हायला चार-पाच वर्षे लागतात आणि पुष्कळ मुले त्याआधीच गळतात. तिशीचा खेळाडू पहिल्या दिवसापासून खेळू शकतो आणि त्याच्यासाठी द्यावा लागणारा निवडीचा हक्क बहुधा दुय्यम फेरीतला असतो. स्वस्ताईचे कारण मात्र उघड आहे. त्याचा मूळ संघ त्याला सोडायला तयार आहे, आणि त्याचे गुडघे कसे आहेत हे मूळ संघाइतके कोणालाच ठाऊक नसते. जुनी मोटार घेताना विकणाऱ्याला इंजिनाचा आवाज घेणाऱ्यापेक्षा अधिक परिचित असतो, तसेच हे आहे. म्हणूनच अशा व्यवहारापूर्वी खेळाडूची कसून वैद्यकीय तपासणी होते आणि करार बहुधा एक-दोन वर्षांचाच होतो. अनेकदा ठरावीक सामने खेळल्यासच करार पुढे वाढेल, अशी अट त्यात असते.

वैद्यकीय तपासणीलाही मर्यादा आहेत. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधील दुखापतींची पद्धतशीर नोंद १९९२ पासून ठेवली जात आहे. अशा नोंदींच्या आधारे डॉ. जॉन ऑर्चर्ड यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. स्नायू पुन्हा दुखावण्याची शक्यता आधीच्या दुखापतीमुळे वाढते, विशेषतः ती दुखापत अलीकडची असेल तर. दुसरे असे की, मांडीमागचा स्नायू आणि पोटरी यांच्याबाबतीत केवळ वयामुळेही धोका वाढतो, पूर्वी दुखापत झालेली नसली तरी. मांडीच्या पुढच्या स्नायूंमध्ये मात्र वयाचा असा परिणाम आढळला नाही. म्हणजे ‘हा दुखापतग्रस्त आहे’ एवढे म्हणून भागत नाही. कोणता अवयव, केव्हा दुखावला आणि खेळाडू कोणत्या जागी खेळणार आहे, हे पाहावे लागते. त्यातच नियमही ज्येष्ठांना फारसे अनुकूल राहिलेले नाहीत. दमलेल्या खेळाडूला बाहेर बसवून ताज्या दमाचा खेळाडू आत पाठवण्याला २०१४ मध्ये सामन्यागणिक १२० वेळांची मर्यादा आली, २०१६ मध्ये ती ९० झाली आणि २०२१ मध्ये ७५ वर आली. थकवा दडवायला जागा उरली नाही.

शॉन बर्गोयनचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. २००९ च्या अखेरीस पोर्ट ॲडलेडचा हा खेळाडू हॉथॉर्नने घेतला तेव्हा तो २६ वर्षांचाच होता, पण त्याच्या गुडघ्याविषयी अनेकांना शंका होती. शस्त्रक्रियेमुळे २०१० च्या हंगामाची सुरुवात त्याला बाहेर बसूनच काढावी लागली. तेव्हा हा सौदा फसला असे म्हणणारे कमी नव्हते. तोच बर्गोयन हॉथॉर्नकडून २५० सामने खेळला, २०१३, २०१४ आणि २०१५ अशा सलग तीन विजेत्या संघांत होता आणि २०२१ मध्ये ४०७ सामन्यांनंतर निवृत्त झाला. एका सांध्याचा दोष नीट दुरुस्त झाला तर तो आयुष्यभराचा शिक्का ठरत नाही. त्याच हॉथॉर्नने २०१२ च्या अखेरीस वेस्टर्न बुलडॉग्जकडून ब्रायन लेक हा तिशीचा बचावपटू आणला. पुढच्याच वर्षीच्या अंतिम सामन्यात नॉर्म स्मिथ पदक त्याने पटकावले.

स्नायूंच्या वारंवार होणाऱ्या दुखापतीची गोष्ट निराळी. रिचमंडचा ब्रेट डेलिडिओ हा या खेळातील अत्यंत देखणा धावपटू. २०१६ नंतर ग्रेटर वेस्टर्न सिडनी संघाने पुढील वर्षीच्या पहिल्या फेरीतील निवडीचा हक्क देऊन त्याला घेतले. पोटरीच्या दुखण्याने २०१७ चा बहुतेक हंगाम वाया गेला. तीन हंगामांत मिळून तो ३२ सामने खेळू शकला. दैवाचा खेळ असा की, त्याने सोडलेल्या रिचमंडने २०१७ मध्येच विजेतेपद मिळवले, आणि २०१९ चा अंतिम सामना त्याच दोन संघांत झाला तेव्हा डेलिडिओ मैदानात नव्हता. सिडनीने २०१८ च्या अखेरीस घेतलेला डॅनियल मेन्झेल वयाने केवळ २७ वर्षांचा होता, पण गुडघ्याच्या चार पुनर्बांधणी शस्त्रक्रिया सोसून आलेला. तेथे तो सात सामने खेळला. वयापेक्षा शरीराचा इतिहास अधिक बोलका असतो तो असा.

जिलाँगच्या यशातही ही बाजू लपलेली आहे. २०२० च्या अखेरीस स्मिथसोबतच ३२ वर्षांचा शॉन हिगिन्स नॉर्थ मेलबर्नकडून आला. स्मिथ मुक्त खेळाडू असल्याने त्याच्यासाठी निवडीचा हक्क गमवावा लागला नाही. हिगिन्ससाठी दुसऱ्या फेरीतील हक्क मोजावा लागला. स्मिथ अंतिम सामन्याचा मानकरी ठरला. हिगिन्सला त्या सामन्यात जागा मिळाली नाही आणि त्याच वर्षी तो निवृत्त झाला. एकाच वेळी, एकाच धोरणाने केलेल्या या दोन खरेद्यांचे फळ किती भिन्न! जेथे दोन-तीन ज्येष्ठ घ्यावे आणि त्यातला एक तरी लाभावा अशी अपेक्षा असते, तेथे प्रत्येकाची किंमत कमी असणे अगत्याचे ठरते. विजयानंतरच्या वर्षी, २०२३ मध्ये, जिलाँग बाराव्या स्थानावर घसरला, हेही नोंदवायला हवे. आपल्याकडे २०१८ च्या आयपीएलमध्ये ज्याच्या वयाची थट्टा झाली, त्या चेन्नई सुपर किंग्जने वानखेडेवर विजेतेपद मिळवले होते. पण वीस षटकांच्या सामन्यातील ज्येष्ठाला बारा किलोमीटर धावावे लागत नाही.

विजेतेपदाच्या उंबरठ्यावरील संघाला असा खेळाडू नेमकी उणी असलेली एक जागा भरण्यासाठी हवा असतो. तळाच्या संघाची गरज वेगळीच असते. ग्रेटर वेस्टर्न सिडनी हा नवा संघ २०१२ मध्ये स्पर्धेत उतरला तेव्हा त्यात बहुसंख्य पोरे होती. त्यांच्या सोबतीला जेम्स मॅक्डोनल्ड, चॅड कॉर्न्स, ल्यूक पॉवर आणि डीन ब्रोगन हे चार जुनेजाणते खेळाडू मुद्दाम आणले होते. त्या वर्षी संघाने दोनच सामने जिंकले. पण या चौघांचे मोल विजयांत मोजायचे नव्हते. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांवर येणारे पहिले घाव त्यांनी झेलावेत आणि सरावाची, आहाराची, विश्रांतीची शिस्त घालून द्यावी, यासाठी ते होते.

हाच विचार ब्रिस्बेन लायन्सने अधिक नेमकेपणाने केला. २०१७ मध्ये हा संघ अठरावा, म्हणजे शेवटचा आला. हॉथॉर्नच्या तीन विजेतेपदांचा कर्णधार ल्यूक हॉज त्याच वर्षी निवृत्त होण्याच्या बेतात होता. ब्रिस्बेनने ३३ व्या वर्षी त्याला आणखी खेळण्यास राजी केले. प्रशिक्षक ख्रिस फेगन पूर्वी हॉथॉर्नमध्ये होते, त्यामुळे हॉजचे शरीर आणि स्वभाव दोन्ही त्यांच्या परिचयाचे होते. घेणाऱ्याला विकणाऱ्याइतकीच माहिती असलेला असा व्यवहार विरळाच. हॉजला बचावफळीत ठेवण्यात आले, कारण तेथे पायांच्या वेगापेक्षा खेळाचा अंदाज आणि मोठ्याने सूचना देणारा आवाज अधिक उपयोगी पडतो. दोन हंगामांतील ४६ पैकी ४१ सामने तो खेळला. संघ २०१८ मध्ये पंधरावा होता, २०१९ च्या साखळी फेरीत तो दुसरा आला. त्यानंतर हॉज निवृत्त झाला. त्याच्या शेजारी बचावात उभा राहणारा हॅरिस अँड्र्यूज २०१८ मध्ये एकवीस वर्षांचा होता. २०१९ मध्ये वर्षातील सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघात त्याची निवड झाली आणि २०२४ व २०२५ या दोन्ही वर्षी ब्रिस्बेनने विजेतेपद मिळवले तेव्हा तो सहकर्णधार होता.