टुंड्राभूमीचा श्वास आणि कार्बन-१४

उत्तर ध्रुवाभोवतीच्या वृक्षहीन, शीत प्रदेशास टुंड्रा असे म्हणतात. शेवाळे, गवत व खुरटी झुडपे एवढीच तेथील वनस्पतिसृष्टी. उन्हाळ्यात जमिनीचा वरचा थर तेवढा वितळतो. त्याखालची भूमी वर्षानुवर्षे गोठलेलीच राहते. तिला चिरगोठित भूमी असे नाव आहे. थंडीमुळे वनस्पतींचे मृत अवशेष येथे पुरते कुजत नाहीत. ते थरावर थर साचत गेले आणि उत्तरेकडील चिरगोठित प्रदेशांच्या मातीत सुमारे दीड हजार अब्ज टन कार्बन साठला. पृथ्वीच्या वातावरणातील कार्बनाच्या हा साठा जवळजवळ दुप्पट आहे.

हवामान उष्ण होऊ लागले म्हणजे ही भूमी वितळते, सूक्ष्म जंतू जुन्या अवशेषांचे विघटन करू लागतात आणि त्यांतील कार्बन मुख्यतः कार्बन डायॉक्साइड वायूच्या रूपाने हवेत जातो. परंतु जमिनीतून निघणारा वायू नुसता मोजून भागत नाही. जिवंत मुळेही श्वसन करतात आणि गतवर्षीचा पाचोळाही कुजतो. तो कार्बन वनस्पतींनी नुकताच हवेतून घेतलेला असतो. तो परत गेला तरी हिशेब फिटतो. हजारो वर्षांचा ठेवा हवेत जाणे ही गोष्ट निराळी. पहिला खर्च व्याजातला, दुसरा मुद्दलातला. हे दोन्ही वायू रासायनिक दृष्ट्या एकच असल्यामुळे त्यांचे वय कसे ओळखावयाचे, असा प्रश्न उभा राहतो.

या कामी कार्बन-१४ उपयोगी पडतो. विश्वकिरणांच्या आघातामुळे वातावरणात हा किरणोत्सर्गी कार्बन सतत निर्माण होत असतो. त्याचे प्रमाण सुमारे एक लक्ष कोटी कार्बन-अणूंत एक, इतके अल्प असते. वनस्पती तो हवेतून घेतात. मृत्यूनंतर त्याची भर थांबते आणि ५,७३० वर्षांत तो निम्मा उरतो. या तत्त्वावर कालमापनाची पद्धती बसविल्याबद्दल विलर्ड लिबी यांना १९६० साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अलीकडच्या कार्बनावर आणखी एक खूण आहे. १९५० नंतर झालेल्या अण्वस्त्र-चाचण्यांमुळे उत्तर गोलार्धाच्या हवेतील कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला. १९६३ च्या करारानंतर वातावरणातील बहुतेक चाचण्या थांबल्या व हे प्रमाण क्रमाने उतरत गेले. म्हणून गेल्या काही दशकांतील पाचोळ्यात कार्बन-१४ अधिक आढळतो, तर खोल थरांतील प्राचीन अवशेषांत तो कमी असतो.

संशोधक जमिनीवर झाकणासारखी बंद पेटी ठेवून तिच्यातील वायू गोळा करतात. त्यापासून ग्रॅफाइट बनवून कणत्वरकाला जोडलेल्या यंत्रात कार्बन-१४ चे अणू मोजतात. त्यासाठी सुमारे एक मिलिग्रॅम कार्बन पुरतो. मुळे व निरनिराळ्या खोलीची माती यांतून निघणारा वायूही स्वतंत्रपणे तपासला जातो. त्यावरून एकूण वायूत कोणाचा वाटा किती, हे गणिताने काढता येते.

अलास्कातील डेनाली राष्ट्रीय उद्यानाजवळ एट माइल नावाचे सरोवर आहे. त्याच्या परिसरात कमी, मध्यम व अधिक वितळलेल्या अशा तीन जागांची तुलना एडवर्ड शूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. तिचे निष्कर्ष २००९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आधीच्या पंधरा वर्षांत वितळलेल्या जागी जुन्या कार्बनाची वार्षिक हानी, अल्प वितळलेल्या जागेपेक्षा ४० टक्क्यांनी अधिक होती. तरीही तेथे वनस्पती जोमाने वाढल्यामुळे एकंदरीत कार्बन जमाच होत होता. कित्येक दशकांपूर्वी वितळू लागलेल्या जागी मात्र ही हानी ७८ टक्क्यांनी अधिक भरली. वनस्पतींची वाढ होऊनही तेथे जमेपेक्षा खर्चच जास्त झाला.

मधल्या जागेचा केवळ जमाखर्च पाहणाऱ्यास तेथे सर्व ठीक आहे असेच वाटले असते. हिरवळीखालून मुद्दलाला लागलेली गळती कार्बन-१४ मुळे उघड झाली. प्राचीन कार्बन साठण्यास हजारो वर्षे लागली. काही दशकांच्या हिरवळीने तो भरून निघत नाही. म्हणूनच टुंड्राभूमी किती वायू सोडते याबरोबरच तो किती जुना आहे, हेही पाहणे अगत्याचे ठरते.