जुनी स्पोर्ट्स सेडान घेताना
शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या कारखान्यात तयार झालेली फियाट लिनिया टी-जेट २०१० मध्ये बाजारात आली. १.४ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, सुमारे ११४ अश्वशक्ती आणि ऐसपैस डिकी यांमुळे शिरूर-दौंड परिसरातील हौशी चालकांना ती आजही खुणावते. मात्र फियाटच्या मोटारींची भारतातील विक्री थांबली असल्याने खरा प्रश्न सुट्या भागांचा आहे. फियाटचे १.३ लिटर डिझेल इंजिन स्विफ्टसारख्या अनेक मोटारींत होते. त्याचे जाणकार मेस्त्री गावोगावी भेटतात. टी-जेट इंजिन मोजक्याच मोटारींत बसले. म्हणून आधी मेस्त्री शोधावा, मग मोटार!

टायमिंग बेल्ट कधी बदलला, याची पावती मागावी. चौफुला-न्हावरा रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे संथपणे आणि नंतर पुणे-सोलापूर महामार्गावर वेगाने चालवून टर्बोचा प्रतिसाद व इंजिनाचे तापमान पाहावे. एक्झॉस्टमधून निळसर धूर आल्यास सौदा सोडावा. आरसी पुस्तकात कर्जाचा बोजा नोंदलेला नाही ना, हेही तपासावे. खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांचीच असते. २०१० च्या मोटारीसाठी फेरनोंदणी, तपासणी आणि हरित कर यांचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत.