एका सेकंदाचे १२८ तुकडे

व्हॅलोरंट या नेमबाजीच्या ऑनलाइन खेळात दोघांनी एकाच क्षणी गोळी झाडली, तर कोण पडलं हे दोघांपैकी कुणाचाच कॉम्प्युटर ठरवत नाही. ठरवतो सर्व्हर. दहा खेळाडू कुठे आहेत, कुणाची गोळी कुठवर गेली, भिंतीआड कोण दडलंय, हा सगळा हिशेब तो सेकंदात १२८ वेळा नव्यानं मांडतो. हिशेबाच्या एका फेरीच्या वाट्याला येतात ७.८ मिलिसेकंद. पापणी लवायला शंभराहून जास्त लागतात; तेवढ्यात हे जग बारा वेळा बदललेलं असतं!

हा खेळ बनवणाऱ्या रायट गेम्सच्या अभियंत्यांना सुरुवातीला एका फेरीला तब्बल ५० मिलिसेकंद लागत होते. प्रोसेसरच्या एकेका कोअरवर तीन-तीन सामने चालवायचे, म्हणून त्यांनी स्वतःला मर्यादा घालून घेतली २.३४ मिलिसेकंदांची, आणि ती गाठली.

समजा, घोडेगावातल्या काही मित्रांना माइनक्राफ्ट या खेळाचा स्वतःचा सर्व्हर उभारायचा आहे. पहिला मोह होतो तो जास्त कोअरचा. पण इथल्या कांदा बाजारातला लिलाव आठवा. एका वक्कलाभोवती, म्हणजे कांद्याच्या ढिगाभोवती, व्यापारी कितीही जमोत, पुकारणारा एकच असतो. दहा जण पुकारू लागले तर लिलाव दहापट लवकर उरकत नाही, भाव कुणाचा धरायचा हेच कळेनासं होतं. माइनक्राफ्टच्या जगाचं मुख्य काम असंच एका धाग्यावर, एकामागून एक चालतं. सेकंदाला २० फेऱ्या, प्रत्येकीला ५० मिलिसेकंद. म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या बत्तीस संथ कोअरच्या जुन्या सर्व्हरपेक्षा आठच, पण चपळ कोअरचा प्रोसेसर इथे सरस ठरतो. ग्राफिक्स कार्ड तर लागतच नाही. सर्व्हर हे जग पाहत नाही, फक्त मोजतो.

चपळ म्हणजे किती? पाच गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरच्या एका ठोक्यात प्रकाशसुद्धा जेमतेम सहा सेंटिमीटर जातो. रॅमकडून एखादी माहिती मागवली, तर ती येईपर्यंत असे शेकडो ठोके वाया जातात. म्हणून प्रोसेसरच्या पोटातच असलेली छोटी मेमरी, म्हणजे कॅश, मोलाची. २०२२ मध्ये एएमडीनं रायझन ७ ५८००एक्स३डी या प्रोसेसरमध्ये चिपच्या डोक्यावर कॅशचा आणखी एक मजला चढवला आणि एकूण ९६ मेगाबाइट जागा केली. मला तर हे शहाणपण घड्याळाचा वेग वाढवण्याहून मोठं वाटतं.

रॅम शक्यतो ईसीसी घ्यावी. अंतराळातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे उसळलेला एखादा कण मेमरीतल्या शून्याचा एक करू शकतो, आणि ईसीसी अशी एका बिटची चूक जागच्या जागी दुरुस्त करते. डिस्क एसएसडी असली की पुरे.

घोडेगावात खरी परीक्षा विजेची. वीज गेल्यावर कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय स्वतःच्या साठ्यावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो, आणि काही इन्व्हर्टरना जागं व्हायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात जग बंद. ऑनलाइन यूपीएस सतत स्वतःच वीज बनवून देत असल्यामुळे त्यात हा खंड पडतच नाही. महागाचा प्रोसेसर एक पायरी खाली आणावा, पण हा खर्च टाळू नये. चैत्र-वैशाखातल्या उन्हात पंख्यावर धूळ बसलेली असेल, तर प्रोसेसर तापून आपोआप मंद होतो, तेही लक्षात ठेवावं.

अंतरापुढे मात्र हार्डवेअरचं काही चालत नाही. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. घोडेगावाहून मुंबई सरळ रेषेत दोनशे किलोमीटर, म्हणजे एक मिलिसेकंद. न्यूजर्सीतला मावसभाऊ खेळायला आला, तर मुंबईहून तिथवर साडेबारा हजार किलोमीटर. जाऊन-येऊन किमान १२५ मिलिसेकंद. मग असा दूरचा खेळाडू व्हॅलोरंटसारख्या खेळात उतरला, तर त्याची गोळी कायम उशिरानंच पोचणार का? नेमबाजीच्या खेळांनी यावर विलक्षण तोड काढली आहे. खेळाडू थोड्या वेळापूर्वी कुठे कुठे होते, याची नोंद सर्व्हर जपून ठेवतो. दूरवरून गोळी आली, की ती झाडणाऱ्याला त्या वेळी पडद्यावर जे दिसत होतं तिथवर तो जग मागे नेतो, गोळी लागली का ते तपासतो आणि पुन्हा वर्तमानात येतो. किती मागे जायचं याला मर्यादा असते, आणि ही सारी ये-जा त्याच एका फेरीच्या वेळात बसवावी लागते.